बालदमा : औषधाबरोबर शिकवणही हवी

दमा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादा वयस्कर माणूस येतो; पहाटे अंथरुणावर उठून बसलेला, खोकून खोकून बेजार झालेला. वस्तुतः मुलांमध्ये आढळणाऱ्या दीर्घकाळच्या आजारांत दम्याचा क्रमांक फार वरचा आहे आणि पुष्कळांचा दमा लहानपणीच सुरू होतो. आपल्या वस्तीतही अशी मुले आहेत. फक्त त्यांच्या आजाराला दमा असे कोणी म्हणत नाही. 'त्याला सर्दी धरते', 'तिची छाती भरते', 'पावसाळा मानवत नाही' असे म्हणून वेळ निभावून नेली जाते. मुलगी असेल तर दमा हा शब्द घराबाहेर जाऊच दिला जात नाही, कारण पुढे लग्नाचा प्रश्न असतो.

जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात आहेत. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. या दोन आकड्यांमधील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडचा आजार काही वेगळा नाही. औषधेही तीच आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्याच देशात तयार होतात. मग अंतर कशाचे? गरिबी हे एक कारण आहेच, ते नाकारता येणार नाही. पण औषध घरात असूनही ते उशिरा घेतले जाते, चुकीच्या पद्धतीने घेतले जाते, किंवा बरे वाटताच बंद केले जाते, हे दुसरे कारण आहे. आणि हे दुसरे कारण शिकवण्याने दूर होऊ शकते. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांना एका रुग्णामागे पाच मिनिटे मिळतात. तेवढ्यात निदान होते, चिठ्ठी लिहून होते, शिकवणे राहून जाते. ते शिकवणे कोणी, कोणत्या साधनांनी आणि कुठे करावे, याविषयी या लेखात माहिती देण्याचा प्रयत्न आहे. औषध कोणते आणि किती, हा प्रश्न मात्र डॉक्टरांचाच आहे.

प्रथम आजार समजून घेऊ. आपण घेतलेली हवा मुख्य श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते आणि तेथे झाडाच्या फांद्यांप्रमाणे बारीक बारीक होत गेलेल्या नळ्यांमधून पसरते. दम्याच्या मुलात या नळ्यांच्या आतल्या अस्तराला कायम थोडी सूज असते. त्यामुळे धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचे विषाणू, झुरळांची वा पाळीव प्राण्यांची घाण, ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी अशा गोष्टी समोर आल्या की नळ्या चिडतात. मग तीन गोष्टी एकदम होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ जमतो. वाट अरुंद झाली की श्वास बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. रात्री किंवा पहाटे येणारा खोकला, धावल्यावर अथवा खूप हसल्यावर येणारी ढास, प्रत्येक सर्दी 'छातीत उतरणे' ही दम्याची नेहमीची लक्षणे. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मूल अगदी ठणठणीत दिसते. त्यामुळेच घरातल्यांना वाटते, आजार गेला. आवाज थांबतो, पण सूज असतेच.

हे वर्गात शिकवायला महागडे तक्ते लागत नाहीत. जगात अनेक ठिकाणी वापरला जाणारा एक साधा प्रयोग असा : निरोगी मुलांना जागच्या जागी अर्धा मिनिट धावायला सांगावे आणि मग नाक धरून शीतपेयाच्या बारीक नळीतून श्वास घ्यायला लावावे. काही क्षणांतच मुले नळी टाकून देतात. 'तुमच्या मित्राला झटका येतो तेव्हा असे वाटते, आणि त्याला नळी टाकून देता येत नाही,' एवढे वाक्य पुरते. दमा असलेल्या मुलाकडून मात्र हा प्रयोग कदापि करवून घेऊ नये. त्याला परीक्षक करावे. दुसरे साधन म्हणजे जाड पुठ्ठ्याची नळकांडी. एक रिकामी ठेवावी. दुसरीच्या आत ओल्या कापडाचा थर बसवावा, तो सूज समजावा. त्यात थोडी खळ ओतली की कफ झाला, आणि बाहेरून मुठीने आवळली की स्नायू झाले. दोन्हींतून फुंकर मारून पाहिली की सातवीतल्या मुलाला जे कळते ते पुस्तकातल्या आकृतीवरून कळत नाही. आपल्या शाळांत श्वसनसंस्थेची आकृती काढून नावे देण्यास मार्क असतात. शेजारच्या बाकावरील मुलाला धाप लागली तर काय करावे, याला मार्क नाहीत!

आता औषधांकडे वळू. दम्याची औषधे मुख्यतः दोन जातींची. एक जात आवळलेले स्नायू लगेच सैल करणारी. साल्ब्युटामॉल हे त्यातले सर्वपरिचित नाव. दुसरी जात आतली सूज हळूहळू उतरवणारी. ब्युडेसोनाईडसारखी स्टिरॉइड औषधे यात येतात. पहिली आग विझवते, दुसरी आग लागू नये म्हणून असते. घरोघरी होते काय, तर पहिल्या औषधाने पाच-दहा मिनिटांत बरे वाटते म्हणून तेच खरे औषध ठरते. दुसऱ्याने तत्काळ काहीच वाटत नाही म्हणून ते फडताळात पडून राहते. दम्याच्या उपचारांविषयी जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ साली स्पष्टच सांगितले की, किशोरवयीन व प्रौढ रुग्णांना केवळ तात्पुरता आराम देणारे औषध एकटे देऊ नये, त्याबरोबर सूज उतरवणारे औषध असलेच पाहिजे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीही धोरण त्याच दिशेचे आहे. मुलाला शिकवण्याच्या धड्यांत हा फरक पहिला असावा. पंपाच्या रंगावरून ओळखायला मात्र शिकवू नये. कंपनीनुसार रंग बदलतात. नाव वाचायला शिकवावे.

पंपाविषयी आपल्याकडे जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कोणत्याही औषधाविषयी क्वचितच असतील. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'त्यापेक्षा गोळी सौम्य'. या शेवटच्या समजुतीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आम्हा बँकेतल्या लोकांना आकडे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. साल्ब्युटामॉलची लहान गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे २००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात असतात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक 'सौम्य' गोळी औषधाच्या वजनाने २० फवाऱ्यांएवढी झाली! गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर जाते. हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जिथे सूज आहे तिथेच जातो म्हणून इतक्या थोडक्यात भागते. सवय लागण्याचे म्हणाल, तर चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याला व्यसन कोणी म्हणत नाही.

स्टिरॉइड हा शब्द ऐकून पालक घाबरतात, त्यात सगळेच चुकीचे नाही. दीर्घकाळ ब्युडेसोनाईडचा फवारा घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरीने सुमारे एक सेंटिमीटर कमी भरली, असे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात २०१२ साली दिसून आले. ही गोष्ट पालकांपासून लपवू नये. पण दुसऱ्या पारड्यात बुडालेली शाळा, रात्रीची जागरणे, दवाखान्यातील भरती आणि जिवाचा धोका आहे. शिवाय आटोक्यात नसलेल्या दम्यानेही मुलाची वाढ खुंटते. हे दोन्ही सांगितले की पालक समंजसपणे निर्णय घेतात असा अनुभव आहे. फवारा घेतल्यावर चूळ भरून टाकायची, ही गोष्ट मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावी. त्याने तोंडात बुरशी धरत नाही.

पंपाच्या जन्माची कथा विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीच्या अध्यक्षांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तिला रबरी फुगा दाबून काचेच्या उपकरणातून औषध घ्यावे लागे. ते उपकरण फुटे, आणि औषध नीट मोजूनही मिळत नसे. १९५५ साली तिने वडिलांना विचारले, 'केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, मग माझे औषध तसे का मिळत नाही?' वडिलांनी तो प्रश्न आपल्या प्रयोगशाळेपुढे ठेवला आणि १९५६ साली मोजून औषध देणारा पहिला पंप बाजारात आला. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण सन लक्षात ठेवायला आपल्या मुलांना ही खूण बरी आहे.

येथे आपल्या परंपरेतील एका गोष्टीची आठवण होते. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे की, पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि नंतर भिक्खूसंघाला बोलावून परस्परांच्या शुश्रूषेचे कर्तव्य समजावले. ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. मात्र तिच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तेथेच तथागतांनी कोणता रुग्ण शुश्रूषेला सोपा आणि कोणता अवघड याची लक्षणे दिली आहेत. जो आपल्याला हितकर ते करतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे वाढले की कमी झाले की तसेच आहे हे शुश्रूषा करणाऱ्याला खरे खरे सांगतो आणि वेदना सहन करतो, तो सोपा रुग्ण. म्हणजे रुग्णानेही शिकायचे असते, आजार फक्त वैद्याच्या हाती सोपवून चालत नाही, हा विचार तेथे आहे. दम्याच्या मुलाला आज जगभर जे शिकवले जाते ते याहून फार वेगळे नाही : त्रास कशाने होतो ते ओळख, औषध चुकवू नकोस, आणि वाढले की कमी झाले हे लपवू नकोस.

काही वडीलधारी मंडळी अजूनही मुलाच्या दम्याचा संबंध मागल्या जन्माच्या कर्माशी लावतात. त्यांना संयुत्त निकायातील सीवक सुत्त दाखवावे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बेताल वागणूक, आघात अशी दुखण्याची निरनिराळी कारणे सांगून, सगळेच पूर्वकर्माने होते असे म्हणणाऱ्यांना बुद्धांनी तेथे चूक ठरवले आहे. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळण्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांत आपलेही बांधव असतात. त्या माशाबरोबर दिल्या जाणाऱ्या औषधाची कृती गुप्त ठेवलेली आहे. जे औषध तपासू दिले जात नाही त्यासाठी प्रवासखर्च करण्यापेक्षा तेवढ्या पैशांत पंप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांना दमा शिकवण्याचे जे प्रयत्न परदेशात झाले त्यांतील दोन आपल्या उपयोगाचे आहेत. पहिला न्यूयॉर्कचा. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले, त्याच विद्यापीठातील अभ्यासकांनी तेथील गरीब वस्तीतील, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषिक कुटुंबांतील मुलांसाठी एक पाठमाला तयार केली. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी शाळेतच चालणाऱ्या सहा तासिका. गोष्टी, चित्रे, खेळ आणि सोंगे यांतून मुले लक्षणे ओळखायला, त्रास किती आहे हे ठरवायला, कोणत्या गोष्टींनी झटका येतो ते शोधायला आणि मोठ्यांना वेळेवर सांगायला शिकतात. बारा शाळांतील अनुभवाचा अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात या मुलांचे झटके कमी झाले आणि शाळेतील गुणही सुधारले असे नमूद आहे. पुढे अमेरिकन लंग असोसिएशनने ही पाठमाला देशभर नेली. याच संस्थेच्या मदतीने 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी दमा असलेल्या एका बाहुल्याला घेऊन चित्रफीतही तयार केली. बालवाडीच्या वयाला चित्रफीतच बरी.

दुसरा प्रयत्न मला अधिक मोलाचा वाटतो. ऑस्ट्रेलियातील टॅमवर्थ या ग्रामीण भागातील सहा माध्यमिक शाळांत तो झाला आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. तेथे अकरावीच्या विद्यार्थ्यांना दम्याविषयी शिकवून तयार केले गेले. त्यांनी दहावीच्या वर्गांना तीन तासिका घेतल्या आणि दहावीच्या मुलांनी तेच सातवीच्या मुलांपुढे नाटुकली, गाणी यांतून मांडले. दमा असलेल्या मुलांची गैरहजेरी कमी झाली आणि त्यांचे दैनंदिन जीवन सुधारले. येथे डॉक्टर नव्हता, शिक्षकही मागे होता. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवले. ही पद्धत आपल्याला परकी नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशांतून निरक्षर माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार नेला तो असाच, आपल्यातल्याच माणसाने आपल्याच बोलीत सांगून. पंधरा मिनिटांचे एक पथनाट्य आपल्या विद्यार्थ्यांना सहज बसवता येईल.

मराठीत मात्र मुलाच्या स्वतःच्या हाती देता येईल असे साहित्य माझ्या पाहण्यात फार थोडे आले. जी पत्रके दवाखान्यात मिळतात ती पालकांसाठी, आणि बरीचशी औषध कंपन्यांनी छापलेली. चित्रे सुबक असतात, माहितीही बहुधा बरोबर असते, पण शेवटचे पान कंपनीच्या मालाचे असते. पहिली पाने ठेवावीत आणि शेवटचे फाडावे!

साधनांमध्ये सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे स्पेसर. पंप दाबणे आणि श्वास आत घेणे लहान मुलाला एकाच क्षणी जमत नाही. निम्मे औषध जिभेवर आणि घशात बसते. मध्ये एक पोकळ नळकांडे असले की फवारा आधी त्यात जातो आणि मूल आपल्या गतीने ते औषध ओढून घेते. हे नळकांडे विकत घेणे परवडत नाही म्हणून केपटाऊनच्या डॉक्टरांनी साधी ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली वापरून पाहिली. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या नेमक्या आकाराचे भोक पाडायचे, पंप त्यात घट्ट बसवून फट बंद करायची आणि मुलाने बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना झटका आला असता ही सीलबंद बाटली विकतच्या स्पेसरइतकीच परिणामकारक ठरली, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. याच अभ्यासात थर्मोकोलच्या पेल्याचा उपयोग सर्वांत कमी झाला, हेही लक्षात ठेवावे. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता, तशीच वाळू द्यावी. पुसल्याने प्लॅस्टिकमध्ये वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटते. बनवलेली बाटली एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावी, हे सांगायला नकोच.

आता शाळेविषयी. आमच्या विहारातील रविवारच्या वर्गाला येणारी सातवीतील एक मुलगी पंप कंपासपेटीत रुमालात गुंडाळून ठेवत असे आणि त्रास झाला की शौचालयात जाऊन घेत असे. शाळेत कोणी पाहिले तर 'दमेकरी' म्हणून चिडवतात, म्हणून. एखाद्या दिवशी मोठा झटका आला असता तर बंद दाराआड ती एकटीच राहिली असती. त्या शाळेत बाईंना तिच्या आजाराची कल्पना नव्हती, कारण आईने सांगितले नव्हते. आणि आईने सांगितले नव्हते, कारण सांगितले तर खेळाच्या तासाला बसवून ठेवतील. प्रत्येकाचे कारण आपापल्या जागी बरोबर आणि मुलगी मात्र एकटी.

खेळातून काढून टाकणे हे तर सर्वांत मोठे अज्ञान. दमा आटोक्यात असेल तर मूल खेळू शकते, त्याने खेळावेच. आधी थोडे अंग गरम करावे आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळण्यापूर्वी फवारा घ्यावा. २००३ साली लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांना शाळकरी वयापासून दमा आहे. अटलांटा ऑलिंपिकमध्ये १९९६ साली पोहण्यात चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या एमी व्हॅन डायकन याही दम्याच्याच रुग्ण. पंप लपवणाऱ्या मुलीला उपदेशापेक्षा ही दोन नावे उपयोगी पडतात.

शिक्षकांना आणि वर्गमित्रांना शिकवायची गोष्ट अगदी थोडी आहे. ऑस्ट्रेलियात ती चाराच्या पाढ्यासारखी पाठ करवून घेतात. झटका आलेल्या मुलाला ताठ बसवावे, आडवे करू नये, भोवती गर्दी करू नये. आराम देणाऱ्या औषधाचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यावेत, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास घेऊ द्यावेत, मग चार मिनिटे थांबावे. फरक पडला नाही तर पुन्हा चार फवारे द्यावेत आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा मूल पेंगुळले असेल तर चार मिनिटे थांबण्याचीही वाट पाहू नये; फवारे देत देतच दवाखाना गाठावा. शिट्टी अचानक थांबली आणि मूल मात्र दमलेलेच दिसत असेल तर बरे वाटले असे समजू नये. हवाच आत जात नसल्याने आवाज बंद झालेला असू शकतो.

सरकारी व्यवस्थेचाही उपयोग करून घ्यावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणारे पथक ज्या आजारांची तपासणी करते त्यांत दम्यासारख्या श्वसनविकाराचा समावेश आहे. पथक येते त्या दिवशी मूल शाळेत हजर असावे आणि लक्षणे लपवू नयेत. २०२० पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ते दोघे कोण, हे मुख्याध्यापकांना विचारायला पालकांनी संकोच करू नये. जनऔषधी केंद्रांतही काही पंप बाजारापेक्षा कमी किमतीत मिळतात.

थोडे आपल्या घराविषयी आणि विहाराविषयी. मच्छर अगरबत्तीचे एक वेटोळे जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म धुलिकण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी लावून ते रात्रभर जळते आणि त्याच खोलीत मूल झोपते. मच्छरदाणी बरी. विहारात वंदनेच्या वेळी प्रत्येक जण स्वतंत्र अगरबत्ती लावतो आणि पौर्णिमेला तर आत धुराने डोळे चुरचुरतात. पुष्प आणि दीप अर्पण करून धूप एकच, तोही दाराबाहेर ठेवला तर श्रद्धेत उणीव येते असे मला वाटत नाही. जयंतीच्या मिरवणुकीतील फटाके आणि हवेत उधळलेला निळा गुलाल यांबाबतही मंडळाने विचार करावा. आपल्याच मुलांना त्या दिवशी घरात बसावे लागते.

शेवटी, संस्थेला कमी खर्चात करता येण्याजोगे काम म्हणजे एक छोटी वही. पहिल्या पानावर मुलाचे नाव, वजन, औषधांची नावे आणि डॉक्टरांची सही. दुसऱ्या पानावर हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन पट्टे. हिरव्यात रोजचे औषध. पिवळ्यात रात्री खोकला सुरू झाला, सर्दी झाली, तर काय वाढवायचे. तांबड्यात दवाखान्यात केव्हा निघायचे. हे पट्टे डॉक्टरांकडूनच भरून घ्यावेत. फुंकर मोजण्याचे पीक फ्लो मीटर असेल तर त्याचेही गणित मुलांना घालता येते : सर्वोत्तम फुंकर २५० असेल तर ८० टक्के म्हणजे २०० पर्यंत हिरवा, ५० टक्के म्हणजे १२५ पर्यंत पिवळा, त्याखाली तांबडा. पुढची पाने पासबुकासारखी, रोजचा खर्च मांडण्यासाठी. बहुतेक पंपांत २०० फवारे असतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घेतले तर ५० दिवस पुरतात, मग फुसफुस आवाज येत असला तरी औषध संपलेले असते. पंप पाण्यात टाकून तरंगतो का हे पाहण्याची पद्धत चुकीची आहे, हिशेबच खरा. पन्नासावा दिवस कोणता हे मुलानेच दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने खूण करून ठेवावे आणि त्याच्या आठ दिवस आधी घरात सांगावे. वहीतल्या दुसऱ्या पानाच्या तीन प्रती काढाव्यात : एक वर्गशिक्षकांकडे, एक दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात पंपाबरोबर, आणि एक घरात जिथे रात्री दिवा लावल्यावर चटकन दिसेल अशा जागी चिकटवलेली.